खासदाराला दर्याचं विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीत खासदार येऊन गेले. देवळासमोर मांडव घातला होता, तासभर बसले, चहापाणी झालं आणि लोकांनी एकामागोमाग एक मागण्या सांगितल्या. पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, हायमास्ट दिवा, स्मशानशेड, पेव्हर ब्लॉक, शाळेची कंपाउंड वॉल. सोबतच्या माणसाने सगळं वहीत लिहून घेतलं. खासदार उठता उठता मागे बसलेले आमचे एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, बोलले, "खासदाराक गटार कित्याक सांगतास, दर्याचा कोण सांगतलो?" पण तोवर माणसं गाडीकडे निघाली होती आणि ते वाक्य तिथेच राहिलं. माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

आमची तिसरी पिढी रापणीवर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून जाळं अर्धगोल सोडत जायचं आणि मग दोन्ही बाजूचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, चाळीस-पन्नास माणसं लागतात, मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात, ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. बांगडा, तारली किनाऱ्याला आली तरच रापण चालते. आणि ती किनाऱ्याला यायच्या आधीच बाहेर एलईडी लावलेल्या बोटी जनरेटरवर उजेड पाडून अख्खा थवा गोळा करतात. काळोख्या रात्री वाळूवर उभं राहिलं की समोर दर्यावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. आमच्या पोरांना आता त्याची सवय झालीय याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता कायदा बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. त्याच्या पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राच्या. घटनेच्या सातव्या परिशिष्टात हे सरळ लिहिलंय, राज्यसूचीत २१ नंबरला मत्स्यव्यवसाय आणि केंद्रसूचीत ५७ नंबरला सागरी हद्दीपलीकडची मासेमारी. राज्याने त्याच्या बाजूने थोडं केलं, १९८१ चा सागरी मासेमारी कायदा आहे, ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर, म्हणजे थव्याभोवती गोल टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, निर्बंध घालणारा आदेश निघाला, २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. केंद्रानेही नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) बंदी घातली. म्हणजे कागदावर बंदी दोन्हीकडे आहे. तरी उजेड दिसतोच. आम्ही एका कार्यालयात फोन केला तर सांगितलं बोटी १२ मैलांच्या बाहेर आहेत, आमच्या हद्दीत नाहीत. दुसरीकडे फोन केला तर म्हणाले मासेमारीचं राज्याकडे विचारा. रात्रभर हेच चाललं, सकाळी बोटी मासळी भरून निघून गेल्या.

ही जी दोन हद्दींमधली फट आहे ना, ती बुजवायचं काम सरपंचाचं नाही, आमदाराचंही अर्धंच, ते खासदाराचं काम आहे. बाराच्या पुढे गस्त घालणारं तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे, बंदीचा आदेश काढणारं मत्स्यव्यवसाय मंत्रालय, दोन्ही दिल्लीत. २०१९ पासून मत्स्यव्यवसायाला पशुसंवर्धन आणि दुग्धविकासासोबत वेगळं मंत्रालयसुद्धा आहे. मग तिथे जाऊन विचारणारा माणूस आपण निवडून पाठवतो तो एकच.

यावर लोक लगेच म्हणतात, आपला खासदार मंत्री नाही, मागच्या बाकावर बसतो, तो काय करणार. हे मला अजिबात पटत नाही आणि कोकणातल्या माणसाने तर हे म्हणूच नये. बॅ. नाथ पै १९५७ ला राजापूर मतदारसंघातून निवडून गेले ते डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त होईपर्यंत खासदार होते, १८ जानेवारी १९७१ ला वारले, एक दिवसही मंत्री नव्हते, पक्षही छोटा, प्रजा समाजवादी. फेब्रुवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा गोलकनाथ निकाल आला की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, त्यावर पुढच्या काही आठवड्यांत या वेंगुर्ल्याच्या माणसाने खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेला खासदार मांडतो ते, मांडलं की घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला पाहिजे. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर चर्चा झाली. ते मंजूर झालेलं बघायला ते राहिले नाहीत, पण त्यांच्यानंतर त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती झाली ती त्याच मुद्द्यावर. विधेयक बरोबर होतं की चूक यावर वकील लोक वाद घालतील, मला एवढंच दिसतं की आमच्या जिल्ह्यातल्या एका बिनमंत्री खासदाराने अख्ख्या देशाला त्या प्रश्नावर बोलायला लावलं.

आणि तोच माणूस कोकण रेल्वेसाठी पण बोलत होता. त्यांच्या मागून आले मधु दंडवते, १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरचे खासदार, १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा टिकले. त्यातली रेल्वेमंत्रिपदाची वर्षं १९७७ ते ७९ एवढीच, नंतर एक वर्ष अर्थमंत्री, बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर. लोक दंडवते म्हटलं की मंत्री आठवतात, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोम आला तो आठवतात, ते बरोबरच आहे. पण मधली दहा वर्षं सत्ता नसताना रेल्वे रेल्वे म्हणून सारखा धोशा लावला नसता तर १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहायची वेळ इतक्या लवकर आली नसती असं माझं मत आहे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. नाथ पै जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

आता मागच्या बाकावरच्या खासदाराच्या हातात नेमकं असतं काय, मी पण आधी नीट समजून घेतलं नव्हतं, मुलाने मोबाईलवर लोकसभेची साईट उघडून दाखवली तेव्हा बघितलं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि विचारणारा वर दोन उपप्रश्न विचारू शकतो. २३० अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, नंबर चिठ्ठीने लागतो. शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे, त्यात आपल्या भागाचा विषय सभागृहात मांडता येतो, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांचा वेळ आहे. खासगी विधेयकं आजवर फक्त १४ मंजूर झाली आणि शेवटचं १९७० मध्ये, हे खरं, तरी नाथ पैंचं उदाहरण वर दिलंच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून मतदानाला पक्षाचा व्हिप म्हणजे आदेश पाळावा लागतो पण प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही. सत्ताधारी पक्षाचा खासदार असला तरी विचारू शकतो.

पण नुसते प्रश्न मोजू नका हे पण मला सांगायचंय. इतके प्रश्न विचारले, इतकी टक्के हजेरी, असे फोटो अधिवेशन संपलं की व्हॉट्सअॅपवर फिरतात. प्रश्न विचारणं सोपं आहे, उत्तराच्या मागे लागणं कठीण आहे. मंत्री बऱ्याचदा उत्तर देतात की माहिती गोळा केली जातेय, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. हे आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे. तिथे फाईल उघडी ठेवायला लावणारा खासदार पाहिजे. मोठमोठे प्रश्न नकोत. सरळ विचारावं की २०१७ च्या बंदीनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गसमोर १२ मैलांच्या बाहेर किती बोटी पकडल्या, कोणत्या राज्याच्या, किती जणांचं लायसन्स गेलं. उत्तर शून्य आलं तर तेच उत्तर घेऊन पुढच्या अधिवेशनात परत उभं राहावं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने बाहेरच्या हद्दीतल्या मासेमारीचे नवे नियम काढले, त्यातही एलईडीला बंदी आहे. चांगलंच झालं, पण गस्तीची बोट कुठून कधी निघणार हे कोणीतरी लावून धरलंच पाहिजे.

खासदार निधीचं पण थोडं बोलतो. वर्षाला ५ कोटी मिळतात. आपला मतदारसंघ चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, सहा विधानसभा मिळून. गावंच्या गावं त्यात वाटायची, त्यातले १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्त्यांसाठी असतात आणि ते असलेच पाहिजेत. खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. मग एका वाडीच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार. माझा पाखाडीला विरोध नाही, पावसात म्हाताऱ्या माणसांना तिचीच गरज असते. पण पाखाडी ग्रामपंचायत करू शकते, जिल्हा परिषद करू शकते. मत्स्यव्यवसाय मंत्र्याला उभं करणं ग्रामपंचायतीला जमत नाही.

रेल्वेचं तेच. कोकण रेल्वे अजून कॉर्पोरेशनच आहे, स्थापनेवेळी केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, राज्याने २०२५ मध्ये भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली, आता पुढे काय ते दिल्लीतच ठरणार. रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये झालं, वीरच्या खाली अजून सिंगल लाईन, क्रॉसिंगला गाडी थांबली की गणपतीला येणारा चाकरमानी किती तास दारात लटकून असतो ते ज्याच्या घरचा माणूस येतो त्याला विचारा. आणि हायवे, त्याचं काम २०११ पासून चाललंय, त्यावर आपल्या पेपरात इतकं छापून आलंय की मी वेगळं लिहित नाही.

जिल्ह्यातसुद्धा एक जागा आहे जी लोकांना माहीतच नसते. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी दिशा समिती, तिचे अध्यक्ष खासदार असतात आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला पाहिजे. मत्स्य संपदा योजनेत जिल्ह्यात कोणाला काय मिळालं, रापण संघांना काही मिळालं का, हे तिथे कलेक्टरसमोर विचारता येतं. आमच्या संघाने आता ठरवलंय की पुढच्या बैठकीआधी खासदारांना लेखी निवेदन द्यायचं, एकच विषय, १२ मैलांच्या बाहेरची गस्त, आणि त्यात पेव्हर ब्लॉकचा एक शब्द घालायचा नाही. निवेदनावर पहिली सही त्या म्हाताऱ्या रापणकरांची घेतलीय.

आपल्याला विनंती अशी की प्रत्येक अधिवेशन संपलं की कोकणातल्या सगळ्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, मच्छीमार, रेल्वे, आंबा-काजू यावर कोणते प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते छापावं. अर्धं पान पुरेल. सगळं लोकसभेच्या साईटवर आहे, पण आमच्याकडे सकाळी लिलावाच्या जागी पेपर वाचला जातो, साईट कोणी उघडत नाही. आमचं निवेदन गेलं की त्याची प्रत आपल्याकडेही पाठवतो, आणि त्यावर प्रश्न विचारला गेला की नाही तेही कळवतो.

आपला,
एक रापणकर वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग