गोण्या भरल्या, पण जाणार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन असतो. कोकणात मुलं त्या दिवशी मनापासून राबतात, दोन तासांत पुळण स्वच्छ दिसू लागते, भरलेल्या गोण्यांपुढे फोटो निघतो आणि बस परत जाते. गोण्या मात्र पुष्कळ ठिकाणी सुरूच्या बनाच्या कडेला तशाच पडून राहतात. त्या गोण्याही प्लॅस्टिकच्याच. काही महिन्यांच्या उन्हात त्यांचे धागे विरतात, उरलेलं काम भटकी कुत्री करतात आणि एखाद्या उधाणात सगळा माल पुन्हा पाण्यात जातो. घर झाडून केर उंबऱ्यात ठेवावा, तसलाच हा प्रकार.

आमची सूचना एवढीच आहे: किनाऱ्यालगतच्या प्रत्येक महाविद्यालयाने एका दिवसात सगळा किनारा झाडण्याचा हट्ट सोडावा, गावाबरोबर मिळून १०० मीटरचा एकच पट्टा वर्षभर साफ करावा आणि मोजावा, आणि पहिली गोणी भरण्याआधी ती कुठे जाणार ते ठरवून ठेवावं.

यासाठी लागणारी माणसं आणि तास आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभागाला क्रेडिट आहेत. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. १०० मीटरची एक मोजणी पाच-सहा जणांच्या हातून दोन-तीन तासांत होते. जाणकार संस्थाही लांब नाहीत. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीचं कृषी विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपकेंद्र, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, सगळे इथलेच. नाही ती फक्त एक नोंदवही, विद्यार्थ्यांची बॅच बदलली तरी पुढे चालू राहणारी.

मोजणीचा दिवस इंग्रजी तारखेवर ठरवू नये, तिथीवर ठरवावा. मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत येऊन जातं. पुढे भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीकडे, पाणी कमी चढतं, त्यामुळे उधाणाने वर टाकलेली कचऱ्याची रेघ जागेवर राहते. पंचमी-षष्ठीला ती शाबूत सापडते आणि ओहोटीही सकाळची, सोयीची मिळते. हे कुठल्याही तांडेलाला विचारा, तो पंचांग न बघता सांगेल. पट्ट्याची दोन्ही टोकं मोबाइलवरच्या जीपीएसच्या भरवशावर ठेवू नयेत, त्यात काही मीटरची चूक सहज होते. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर ऑइलपेंटची खूण करावी. रुंदी पाण्याच्या कडेपासून थेट मर्यादवेलीच्या (पुळणीच्या वरच्या अंगाला पसरणाऱ्या वेलीच्या) आतपर्यंत धरावी, कारण थर्माकोल आणि पाकिटं वाऱ्याने तिथेच जाऊन अडकतात. अडीच सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक वस्तू उचलायची, नग मोजायचे आणि वजनही करायचं. नुसतं वजन घेतलं तर एकच ओला दोर शंभर पुड्यांना झाकून टाकतो. नुसते नग घेतले तर तोच दोर बाटलीच्या झाकणाएवढा ठरतो. वजनाआधी वाळू झटकून माल वाळवावा, रिकाम्या गोणीचं वजन वजा करावं. परदेशी तक्त्यांमधले शंभरावर प्रकार इथे लागत नाहीत. बाटल्या, झाकणं, खाऊची पाकिटं, गुटखा-मसाल्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, दोर, जाळं, चपला, कानकोरण्याच्या काड्या, औषधांचं साहित्य आणि 'इतर' एवढ्या रकान्यांत काम भागतं. सुई-सिरिंज हाताने उचलायची नाही. चिमट्याने, वेगळ्या कडक डब्यात.

आकडे फसवतात ते बहुधा वाळूमुळे. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून समोरच्या, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेतात, दिवाळीनंतरचा शांत समुद्र तीच वाळू हळूहळू परत आणतो. म्हणजे ऑगस्टमध्ये उघडा पडलेला कचरा डिसेंबरात वीतभर वाळूखाली असू शकतो. कोणी काही उचललेलं नसतं, तरी वहीत 'घट' दिसते आणि वर्तमानपत्रात 'मोहिमेला यश' असं छापून येतं. यावर उपाय फुकटचा आहे. बंधाऱ्यावरच्या खुणेपासून वाळू किती खाली आहे ते दर वेळी मोजून त्याच पानावर लिहावं.

उचललेली बाटली वाचताही येते. मानेवरची बॅचची तारीख ताजी आणि अंग कोरं असेल तर ती जवळच्या वहाळातून (ओढ्यातून) किंवा पुळणीवरूनच आलेली असण्याची शक्यता जास्त. देठवाले बार्नॅकल (तरंगत्या वस्तूंना धरून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) चिकटले असतील तर ती कित्येक आठवडे समुद्रात तरंगत होती. पहिल्या प्रकाराचं प्रमाण जास्त निघालं तर ग्रामपंचायतीला 'समुद्राने आणलं' असं म्हणायला जागा राहत नाही. राज्याची प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ ची आणि केंद्राची १ जुलै २०२२ ची. तारखा वाचल्या की बंदीनंतरचा माल किती, हेही कळतं.

आता गोणीच्या मुक्कामाबद्दल. भंगारवाला बाटल्या आणि जाड प्लॅस्टिक घेतो, पण वाळू नसलेलं आणि कोरडं. वाळूने श्रेडरची, म्हणजे प्लॅस्टिकचे तुकडे करणाऱ्या यंत्राची, पाती बोथट होतात, म्हणून कारखाना एक तर वजन कापतो नाहीतर गाडीच परत पाठवतो. पाकिटांचं अनेक थरांचं प्लॅस्टिक भंगारात विकलं जात नाही. ते सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवता येतं, पण त्यातलं समुद्राचं मीठ म्हणजे क्लोरिन, आणि क्लोरिनने भट्टीत थर साचून ती चोंदते. म्हणून गोड्या पाण्याने धुणं आलं. पावसाळ्यात बांबूच्या माचावर माल पसरून वर जुनं जाळं घट्ट बांधलं की पाऊसच मीठ काढतो. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात माल वाळतो. भट्ट्या घाटावर, लांब. मोकळ्या बाटल्या घनमीटरला जेमतेम वीस-तीस किलो भरतात, म्हणजे ट्रकभाडं हवेचं पडतं. दाबून गठ्ठे बांधल्याशिवाय हिशेब बसत नाही. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एका प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, त्यातलं गठ्ठे बांधणारं बेलिंग मशीन चालू आहे का, हे विद्यार्थ्यांनी आधी पाहून यावं. ते बंद असेल तर दुरुस्ती हाच लोणेरेच्या मुलांचा प्रकल्प. रिकामी चिरेखाण हा मुक्काम नव्हे. जांभा सच्छिद्र असतो, खाणीत टाकलेल्याचं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. जाळणं तर नाहीच. ढिगात पीव्हीसीचा तुकडा असला तर डायॉक्सिन तयार होण्याची भीती असते.

वर्गीकरणाचं काम बचत गटातल्या बायका उत्तम करतात, आणि त्याची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. विद्यार्थ्याला क्रेडिट, प्राध्यापकाला शोधनिबंध आणि गावाला आभारपत्र, ही वाटणी दुसऱ्या वर्षी टिकत नाही. मूळ वही ग्रामपंचायतीत राहावी, प्रत महाविद्यालयात जावी आणि आकडे ग्रामसभेत मराठीत वाचले जावेत.

सूक्ष्म प्लॅस्टिकचं, म्हणजे पाच मिलिमीटरहून लहान कणांचं काम प्रयोगशाळेचं. तिथेही एक चूक नेहमी होते. वाळू संपृक्त मिठाच्या पाण्यात ढवळून तरंगणारे कण गाळतात. या पाण्याची घनता साधारण १.२. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, अगदी नायलॉनही त्यावर येतं, पण बाटलीच्या पेट (PET) प्लॅस्टिकची घनता १.३८, ते तळाशी वाळूतच राहतं. मग अहवालात 'पेट आढळले नाही' असं येतं. त्यासाठी झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. ते महाग आणि विषारी असल्याने गाळून पुन्हा वापरावं, बेसिनमध्ये ओतू नये. शिवाय दर वेळी वाळूविना एक कोरा नमुना चालवावा, नाहीतर अंगातल्या पॉलिस्टरच्या शर्टाचे धागेही समुद्राच्या खात्यात जमा होतात.

वहाळातला कचरा खाडीत पोचण्याआधी अडवणं सर्वांत स्वस्त. मे महिनाअखेर वहाळ हाताने साफ करावा, कारण वर्षभर साचलेलं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातं. रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या अंगाला बंद कॅन ओवलेला दोर आणि त्याखाली फूटभर जाळं बांधावं. प्रवाहाला आडवं नको, तिरकं, म्हणजे कचरा एका काठाला सरकतो. पानं आणि झावळ्यांनी जाळं तुंबतं, म्हणून पावसात ते रोज मोकळं करणारा माणूस लागतोच. एका टोकाचा दोर मुद्दाम कच्चा ठेवावा. पूर आला तर तो तुटावा, मोरीवर भार येऊ नये. वाशिष्ठी-जगबुडीसारख्या नद्यांवर हा खेळ करू नये.

नोव्हेंबर ते मे वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर ट्रॅक्टर किंवा खोल दाताळं फिरवू नये. घरटं साधारण हातभर खोल असतं. तेवढे महिने फक्त हातवेचणी.

शेवटी जाळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि जेटीवर जाळी विणणं-सांधणं चालतं. तंगूस (नायलॉनचा एकपदरी धागा) आणि पॉलिथिनच्या सुताची बोटाच्या पेराहून लहान टोकं कापून खाली पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर बंदरात जातात. अडीच सेंटिमीटरच्या आतली असल्याने ती किनाऱ्याच्या मोजणीतही येत नाहीत. मच्छीमार सोसायटीने सांधणीच्या जागी ताडपत्री अंथरावी, आणि दोन गोण्या टांगाव्यात: एक नायलॉनची, एक पॉलिथिन-दोरांची. एकत्र झालं की दोन्ही मातीमोल, वेगळं राहिलं तर पुनर्वापराच्या कारखान्याला चालतं. सूत ओळखायला सोपं आहे. बादलीभर पाण्यात टाकून हवेचे बुडबुडे झटकले की नायलॉन बुडतं, पॉलिथिन तरंगतं. मत्स्य महाविद्यालयाने यंदा मे संपण्याआधी सोसायट्यांशी बोलून एवढं सुरू केलं, तर पहिल्या वर्षाचे आकडे नारळी पौर्णिमेपर्यंत हातात येतील.

आपले,
किनारा मोजणीचं काम करणारे काही शिक्षक व ग्रामस्थ, जि. रत्नागिरी