आधी किनाऱ्याची पाहणी, मग सफाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तेलगळतीची बातमी आली की पाठोपाठ फावडी-घमेली घेऊन किनाऱ्यावर उतरलेल्या स्वयंसेवकांची छायाचित्रे येतात. त्यांच्या तळमळीबद्दल मनापासून आदर आहे; मात्र कोणत्या किनाऱ्यावर काय करायचे आणि कुठे थांबायचे हे ज्या पाहणीवरून ठरते, तिच्याबद्दल बातम्यांत अवाक्षरही नसते, म्हणून हे पत्र.

लाटांचा थेट मारा बसणारा उघडा कातळ बराचसा आपोआप धुतला जातो. खारफुटीतल्या चिखलात मात्र सफाईला आलेल्या माणसांच्याच पायांखाली तेल खोल रुतते आणि हवा न मिळाल्याने वर्षानुवर्षे तसेच राहते. वाळूचा किनारा तर फसवा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पुळणीत ओहोटीच्या वेळी खड्डा खणला, तर वीतभर खाली काळपट थर लागू शकतो, कारण मधल्या भरत्यांनी त्यावर नवी वाळू आणून टाकलेली असते. म्हणूनच किनाऱ्याचे तुकडे पाडून, जागोजागी खड्डे घेऊन, थराची जाडी किती आणि तेल पातळ आहे की डांबरासारखे घट्ट झाले आहे, हे नोंदवावे लागते. (साचलेले ताजे तेल मात्र लगेच उचललेच पाहिजे, त्यासाठी पाहणी पुरी होण्याची वाट पाहू नये.)

1967 साली 'टॉरी कॅन्यन' या जहाजातून गळती झाल्यावर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर डिटर्जंटचा प्रचंड मारा झाला. खडकांवरचे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी त्यात मेल्या, खडक शेवाळाने भरून गेले, आणि न फवारलेले भाग काही वर्षांत सावरले असताना फवारलेल्या भागांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला. 1989 मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ'च्या गळतीनंतर गरम पाण्याचे जोरदार फवारे वापरले, तेव्हा तेलातून वाचलेले शिंपलेही होरपळले. शिस्तशीर किनारा-पाहणीची पद्धत त्याच मोहिमेत आकाराला आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

खडकावर हातमोजा फिरवल्यावर तेल लागत नसेल तर घासणे थांबवावे, असा एखादा साधा निकष काम सुरू होण्याआधीच ठरलेला असावा. नाहीतर वाळू उपसणे चालूच राहते आणि भरलेल्या पिशव्यांत तेलापेक्षा वाळूच जास्त निघते. आपल्या वार्ताहरांनी यापुढे पिशव्यांच्या आकड्याबरोबर पाहणीचे नकाशे आणि थांबण्याचा निकषही अधिकाऱ्यांकडे मागावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक