सद्या, बोटीचं कर्ज एवढ्यात नको

सद्या भावा,

आम्ही बरे आहोत, आईची शुगर कंट्रोलमध्ये आहे. आता मेन मुद्दा. काल ओंकारचा फोन आलेला, काका तुम्ही बाबांना समजवा म्हणून. यंदा तारली मासळी बरी लागली म्हणून पोरगं सात वर्षांच्या हप्त्यावर बोट घ्यायला निघालंय, रापणीत, किनाऱ्यावरनं जाळं ओढण्यात, भागत नाही म्हणे. तेव्हापासनं डोकं जाग्यावर नाही बघ.

आज बाजारातनं तारली आणली तर साफ करताना बहुतेकींत गाबोळी, पिवळसर, पोटात दोन्ही अंगांनी गच्च भरलेली. घरातले खूश, मला ओंकारच आठवला. अंडी झाली म्हणजे पुढल्या साली मासा झाला असं नसतं ना रे. पावसाळ्यात किनाऱ्याला धरून उत्तरेकडनं वारं लागलं की वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं, खालचं गार पाणी वर येतं, त्यात बारीक शेवाळ माजतं, आणि तारली अंडी घालायला असलंच पाणी गाठते. अंडं दिवसभरात फुटतं, पिल्लाचा बलक दोन-तीन दिवस पुरतो, तेवढ्यात तोंडाशी खाणं आलं तर ठीक, नाहीतर सगळी पैदास गेली. त्यात ह्या गार पाण्याचा जोर केरळ-कर्नाटकाकडं, मालवणापर्यंत येईस्तोवर तो उतरतो.

केरळात 2012 ला जवळपास 4 लाख टन तारली मिळाली आणि 2021 ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही! 2015-16 च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागर तापतो त्या फेऱ्यात, पाणी तापलं, तेव्हा तिथं तारली बसलेलीच होती. मधे 2017 ला वर आली, परत बसली. त्या 2017 ला कुणी हप्ता लावून घेतला असेल त्याचं काय झालं असेल सांग.

तू म्हणणार पर्ससीनवाल्यांनी, त्या अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या बोटवाल्यांनी, खाल्ली. गगनबावड्याच्या एसटीत ह्यावरनं कंडक्टरनं आपल्याला गप्प केलेलं, आठवतंय? त्यांनी ओरबाडलं हे खरंच आहे, पण ते उद्या बंद झाले तरी वारं काय आपल्या हप्त्याच्या तारखेला लागत नाही.

होस्टेलवर एका सुक्या बांगड्यानं अख्खा मजला रिकामा करणारा तू, पोराला नाही म्हणायला का घाबरतोस? सेकंडहँड बघू दे, दोघातिघांत भागी करू दे, अजून दोन पावसाळे जाऊ देत. रविवारी त्याला इकडं पाठव, मी बोलतो.

वहिनींचा गुडघा कसाय? स्लॅब पडला का? फोन कर.

तुझा,
विज्या