वय चर्मपत्राचे, लेखनाचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातील सर्वांत जुन्या कुराणाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या टिपणात बर्मिंगहॅम विद्यापीठातील दोन पानांचे हस्तलिखित ‘इ. स. ५६८ मध्ये लिहिले गेले’ असे म्हटले आहे. हे विधान चुकीचे असून त्यातून गंभीर गैरसमज होऊ शकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

विद्यापीठाने २२ जुलै २०१५ रोजी जाहीर केलेला निष्कर्ष मजकुराबद्दल नव्हता. ज्या चर्मपत्रावर तो मजकूर आहे, ते इ. स. ५६८ ते ६४५ या दरम्यानचे असण्याची शक्यता ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने ९५.४ टक्के वर्तवली होती. जनावर जिवंत असेपर्यंत चाऱ्यावाटे त्याच्या शरीरात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन येत राहतो. ते मेले की ही आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांत निम्मा या गतीने घटू लागतो. म्हणजे चाचणीतून कळते ते शेळी-मेंढी केव्हा मेली एवढेच. त्या कातड्यावर बोरू केव्हा टेकला, हे तिला सांगता येत नाही. शिवाय ५६८ हे त्या कालखंडाचे केवळ एक टोक आहे.

हे टोकच खरे धरले तर अनर्थ होतो. प्रेषित मुहंमद यांचा जन्म इ. स. ५७०च्या सुमाराचा, कुराणाचे पहिले प्रकटन ६१०च्या आसपासचे आणि निधन ६३२ सालचे. त्यामुळे कुराण प्रेषितांच्या आधीचे आहे, असा तर्क २०१५ मध्ये काही परदेशी वृत्तपत्रांतूनही झळकला. दुसऱ्या बाजूने, ही पाने प्रेषितांना पाहिलेल्या माणसाच्याच हातची आहेत, असेही ठामपणे सांगितले गेले. ती शक्यता जरूर आहे, पण केवळ या चाचणीने तीही सिद्ध होत नाही.

लेखनाचा काळ ठरवायचा तर अक्षराकडे वळावे लागते. आपल्याकडच्या पोथीच्या शेवटी नकलकार बहुधा शक, तिथी आणि वार नोंदवतो. या दोन पानांवर तशी काहीच नोंद नाही. लिपी हिजाझी, म्हणजे किंचित उजवीकडे कललेली, आरंभीच्या काळातली आहे. पहिल्या पानावर अठराव्या सूरेतील (अध्यायातील) १७ ते ३१ या आयती (वचने) आहेत, तर दुसऱ्यावर एकोणिसाव्या सूरेचा शेवट आणि विसाव्या सूरेचा आरंभ. दोन सूरांमधली विभागणी आणि आयती संपल्याच्या खुणा इतक्या व्यवस्थित आहेत की, काही अभ्यासक हे लेखन इ. स. ६५०च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी प्रमाण पाठ सिद्ध केल्यानंतरचे मानतात. मला त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण चर्मपत्र ६४५ पूर्वीचे असले तरी ते काही वर्षांनी वापरले जाण्यात अशक्य असे काही नाही.

या पानांचा प्रवासही टिपणात यायला हवा होता. मोसुलजवळ जन्मलेले धर्मगुरू आणि विद्वान अल्फॉन्स मिंगाना यांनी चॉकलेट-उद्योजक एडवर्ड कॅडबरी यांच्या आर्थिक पाठबळावर मध्यपूर्वेतील हस्तलिखितांचा जो संग्रह उभारला, त्यात ही पाने आली. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका कुराणाच्या पानांबरोबर ती चुकून एकत्र बांधली गेली होती. अल्बा फेडेली या संशोधिकेने पीएच. डी.च्या अभ्यासात ती वेगळी ओळखली आणि त्यानंतर चाचणी झाली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘अरब ३२८ क’ या क्रमांकाखाली असलेली १६ पाने याच मूळ प्रतीची असावीत, असे अभ्यासक मानतात. ती जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तातमधील, अम्र इब्न अल-आस मशिदीतून फ्रान्सला गेली. बर्मिंगहॅमच्या दोन पानांचे मूळ घरही बहुधा तेच असावे.

आपण खुलासा छापणार असाल, तर ‘५६८ मध्ये लिहिले गेले’ याऐवजी ‘चर्मपत्र इ. स. ५६८ ते ६४५ या दरम्यानचे; लेखन बहुधा सातव्या शतकातील’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक