घरच्यांची उलटतपासणी थांबवा

संपादक महोदय,

‘कर्जाला कंटाळून आत्महत्या’ हा मथळा परवा आपल्या अंकात वाचला. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्यालाही हेच कारण चिकटवलं गेलं. कर्ज होतंच, पण त्याची झोप त्याच्या कितीतरी आधी उडाली होती, औषधं त्यानं मध्येच सोडली होती, माणसं टाळायला लागला होता. नेमकं काय झालं, हे आम्हालाही सांगता येत नाही.

भेटायला येणाऱ्यांना मात्र उत्तर हवं असायचं. ‘चिठ्ठी सापडली का?’ ‘घरात काही वाद?’ ‘तुम्हाला कुणालाच कळलं कसं नाही?’ हा शेवटचा प्रश्न भावजयीकडे बघून. अपघातात माणूस गेला असता तर तिला असं कुणी विचारलं असतं? काही जण आलेच नाहीत. काय बोलावं ते सुचलं नसेल. माझा त्यांच्यावर राग नाही. बरं, थोडा आहे.

भावाचे एक सहकारी आले आणि त्याच्या कामातल्या गमती सांगत बसले. त्या दिवशी भावजय पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. पुढे बँकेच्या कागदांसाठी तिच्याबरोबर हेलपाटेही त्यांनीच घातले. एकदा त्यांनी तिला सरळ विचारलं, ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ मी दचकले. पण असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो, असं मानसोपचारतज्ज्ञच सांगतात. मागे राहिलेल्यांना हा धोका जास्त असतो, हेही.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूंनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ झाली. भेटायला आलेले लोक बाहेरच्या खोलीत थांबत, तिथे साधे स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत बसत. अनेकांना मग आत जायची गरजच वाटेना. हे पाहून पुढच्याच वर्षी वारांनी ऐकायचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं. डॉक्टर लागतातच, माझ्या भावाला लागत होते; पण बाहेरच्या खोलीतलं काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही जमण्यासारखं आहे.

आपलंही काम आहे. व्हिएन्नातल्या वर्तमानपत्रांनी १९८७ मध्ये मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या आवरल्या आणि तिथल्या आत्महत्या झपाट्यानं घटल्या. तेव्हा विनंती एवढीच: मथळ्यात एकच एक कारण देऊ नका, आत्महत्येची पद्धत छापू नका, आणि अशा प्रत्येक बातमीखाली मदतवाहिनीचा क्रमांक ठळक अक्षरात द्या.

आपली,
एक वाचक