नोंदींचे मोल

महोदय,

आनुवंशिक चेता-स्नायू विकारांवरील औषधांची चर्चा पुष्कळ होते. पण उपचाराविना हे आजार कसे वाढत जातात, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींकडे क्वचितच लक्ष जाते, याची खंत वाटते. ड्यूशेन स्नायुक्षयात मूल 6 मिनिटांत किती चालते, जमिनीवरून उठायला किती वेळ घेते, हे ठरावीक अंतराने मोजलेले असेल, तरच नव्या औषधाचा गुण पारखता येतो. कारण लहान वयात नैसर्गिक वाढीमुळेही मूल काही काळ सुधारल्यासारखे भासते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या, मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील जनुकोपचाराच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 15 बाळांची तुलना अशाच जुन्या नोंदींशी केली गेली. अशा नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासांना दीर्घकाळ निधी मिळावा आणि मोजमापासाठी वारंवार येणाऱ्या कुटुंबांचा प्रवासखर्चही त्यात धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक