आधी कार्ड, मग पत्ता

आदरणीय ताई,
स.न.वि.वि.

व्हर्च्युअल मशीनमधल्या (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकातल्या) विंडोज एक्सपीला नेटवर्क मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार. खरे आभार तुम्ही लावून दिलेल्या क्रमाचे: आधी नेटवर्क कार्ड, मग आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक), ब्राउझर सगळ्यात शेवटी.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये (एक्सपीच्या हार्डवेअरच्या यादीत) ‘इथरनेट कंट्रोलर’पुढे पिवळं प्रश्नचिन्ह असेल, तर एक्सपीला कार्डच ओळखता आलेलं नाही. मग आयपीच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी काय उपयोग? व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपीत मुळात नाही. पीसीनेट-फास्ट ३ या कार्डाचा आहे. क्यूईमू या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच काम आरटीएल८१३९ हे कार्ड करतं. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, ही कोंडी तुम्ही अडॅप्टरचा (म्हणजे या कार्डाचा) प्रकार बदलायला सांगून एका मिनिटात फोडलीत. मशीन पूर्ण शट डाउन करायचं हेही बजावलंत, ते बरं झालं. सेव्ह स्टेटमध्ये (चालू स्थितीतच गोठवून) ठेवलेल्या मशीनचा तो पर्याय बदलताच येत नाही. तिथेच ‘केबल कनेक्टेड’ची खूणही बघून घ्यायची.

पुढे आयपीकॉन्फिग, ही आयपी पत्ता दाखवणारी कमांड. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कार्ड चालू आहे, पण डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर आलेलं नाही. वाय-फायवर ब्रिज्ड मोड (व्हर्च्युअल मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा) लावला की असं बऱ्याचदा होतं, कारण एकाच वायरलेस कार्डामागून दुसरा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख-क्रमांक) आलेला अनेक अ‍ॅक्सेस पॉइंटना चालत नाही. नॅट (होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, जोडणीतून नेट देणारा मोड) निवडल्यावर १०.०.२.१५ हा पत्ता आणि १०.०.२.२ हा गेटवे (बाहेर जाण्याचं दार) दिसला, आणि जीव भांड्यात पडला.

तरीही वेबसाइट उघडत नव्हत्या. तो दोष नेटवर्कचा नाही, हे तुम्ही वेळीच सांगितलंत. एक्सपीवरचं इंटरनेट एक्सप्लोरर ८ टीएलएस (साइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० च्या पुढे जात नाही आणि आजच्या बहुतेक साइट किमान १.२ मागतात. हे माहीत नसलं की माणूस चालू असलेलं नेटवर्कच पुन्हा उसवायला घेतो!

सगळ्यात मोलाची सूचना फाइलींबद्दलची. एक्सपीला शेअरिंगसाठी एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) लागतं, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते मुळात नसतं. जुनं, असुरक्षित दार होस्टवर पुन्हा उघडण्यापेक्षा फाइलींची आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) करून ती सीडी म्हणून जोडा, असं तुम्ही म्हणालात. आता तसंच करतो, आणि नेटचं काम संपलं की अडॅप्टर होस्ट-ओन्लीवर (फक्त होस्टशी जोडणाऱ्या मोडवर) नेऊन ठेवतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या सिस्टिम सांभाळणारे आम्ही सगळे